बंदूक ते दुर्बीण : डॉ. सालिम अली

भोपाळच्या हबीबगंज स्थानकावर उतरून पक्षी पाहण्याचा ज्याला छंद आहे तो प्रवासी सहसा बड्या तलावाची वाट धरतो. या स्थानकाचे नाव २०२१ साली राणी कमलापती असे झाले. परंतु जुन्या मंडळींच्या जिभेवर हबीबगंज हेच नाव बसलेले आहे. राजा भोजाच्या नावाशी जोडलेल्या त्या तलावाच्या काठी हिवाळ्यात दूरदेशीचे पाहुणे पक्षी उतरतात, आणि गळ्यात दुर्बीण अडकवलेली मंडळी पहाटेपासून तिथे उभी दिसतात. २००२ साली या तलावाची गणना आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाली. मात्र ज्या पुरुषाने या संस्थानांतील पक्ष्यांची पद्धतशीर मोजदाद केली त्याच्या हाती दुर्बिणीबरोबर बंदूकही होती, याची आठवण फार थोड्यांना असेल. ते होते डॉ. सालिम अली.

आपल्या जुन्या वाड्यांतून दिवाणखान्याच्या भिंतीवर बारा बोअरची बंदूक टांगलेली असे. वाचकांपैकी पुष्कळांनी ती बालपणी भीतीने आणि कौतुकाने पाहिली असेल. बारा बोअर म्हणजे काय, तर नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घेतली तर तशा बारा गोळ्या एका पौंडात भरतात. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. वीस बोअर ही बारा बोअरहून लहान व हलकी. त्याहूनही बारीक ती चारशेदहाची. मात्र हा आकडा बोअरचा नव्हे. तिच्या नळीचा व्यास इंचाच्या ४१० सहस्रांश, म्हणजे सुमारे साडेदहा मिलिमीटर असतो, तर बारा बोअरचा सुमारे साडेअठरा. शिकाऱ्याला मोठी बंदूक हवीशी वाटते, कारण तिच्यात छर्रे अधिक मावतात आणि नेम थोडा चुकला तरी सावज हाती लागते. पक्ष्यांचे नमुने गोळा करणाऱ्या अभ्यासकाची गरज याच्या नेमकी उलट असते. मूठभर आकाराच्या पक्ष्यावर बारा बोअर झाडली तर हाती उरतात चार पिसे आणि चिंध्या. त्याला हवी बारीक नळीची हलकी बंदूक आणि मोहरीहूनही बारीक छर्रे, म्हणजे कातडे फाटत नाही, रंग बिघडत नाही. मग त्याच संध्याकाळी पक्षी सोलून, आतून सोमल लावून, कापूस भरून, पायाला तारीख, ठिकाण आणि नर की मादी यांची चिठ्ठी बांधावयाची. जवळ जाऊन थोडक्यात मारणे हेच त्या बंदुकीचे शास्त्र होते.

सालिम यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई गेली. निपुत्रिक मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीच्या घरी त्यांना वाढविले. मामा स्वतः शिकारी. भाच्याच्या हाती एक खेळण्यातली हवाई बंदूक आली आणि तिने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, हे मामांना सांगता येईना. त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्डसाहेबांकडे पाठविले. साहेबांनी पक्षी ओळखला आणि कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी मुलाला दाखविले. खेळण्यातल्या बंदुकीने हे आयुष्य असे मार्गाला लागले.

पुढचा मार्ग सरळ नव्हता. ब्रह्मदेशात तव्हॉय येथे घरच्या खाणीच्या धंद्यात काही वर्षे गेली. १९१८ साली तेहमिना बेगम यांच्याशी विवाह झाला. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. तेथून रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि प्राध्यापक श्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० साली परतून पाहतात तो पैशाअभावी नोकरीच रद्द झालेली. तेव्हा अलिबागजवळच्या किहीमला बिऱ्हाड हलले. तेथे घराजवळच सुगरणींची वसाहत होती. आडोशाला बसून त्यांनी महिनोमहिने ती घरटी न्याहाळली. नर घरटे अर्धे विणतो, मादी ते पसंत करून त्यात राहावयास येते, आणि मग नर दुसरे घरटे दुसऱ्या मादीसाठी विणू लागतो, हे त्यांनी दाखवून दिले. या अभ्यासाला बंदूक लागली नाही. लागला तो धीर आणि वही.

नोकरी नसलेल्या या माणसाला आधार दिला संस्थानांनी. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर आणि भोपाळ येथील राज्यकर्त्यांच्या साहाय्याने त्यांनी त्या त्या प्रदेशांतील पक्ष्यांची पाहणी केली. मध्य हिंदुस्थानच्या पक्ष्यांवरील लेखमाला १९३९ पासून सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. रानातल्या मुक्कामात तेहमिना बरोबर असत. १९३९ सालीच शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात सालिम अलींनी पुन्हा संसार मांडला नाही. पाली हिलवर बहिणीच्या घरी राहून त्यांनी कामात मन घातले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे पुस्तक निघाले आणि सामान्य वाचकाला पक्षी नावानिशी ओळखता येऊ लागले.

याच काळातील एक प्रसंग मनात ठेवण्याजोगा आहे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, म्हणजे सालिम अलींच्या बेचाळिसाव्या वाढदिवशी, भरतपूरच्या तलावावर व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारमंडळींनी एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले. तो आकडा तिथल्या शिळेवर कोरलेला आहे. एकीकडे हे मोठ्या बंदुकांचे कर्तृत्व, दुसरीकडे चिठ्ठी बांधून ठेवलेला एकेक पक्षी. दोन्हींत जीव जातोच, हे सालिम अली कधी नाकारीत नसत. शिकारीचा शौक त्यांना स्वतःलाही होता आणि अहिंसेचे व्रत घेतल्याचा आव त्यांनी आणला नाही. त्यांचे म्हणणे एवढेच होते की ज्याला ओळखत नाही त्याला वाचविता येत नाही, आणि ओळख पक्की होण्यासाठी काही नमुने हाती घ्यावेच लागतात. हे समर्थन सर्वांना पटेल असे नाही. आम्हालाही ते पूर्णपणे पटत नाही. पण ज्ञानाची किंमत त्यांनी लपवून ठेवली नाही, हा प्रामाणिकपणा मोठा होता.

स्वातंत्र्यानंतर भरतपूरचा तलाव आटवून तिथे शेती करावी अशी मागणी झाली. तेव्हा सालिम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत गाऱ्हाणे नेले आणि ते पाणी वाचले. १९५९ पासून सोसायटीने पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास हाती घेतला. आता बंदुकीच्या जागी तलम जाळी आली. पक्षी अलगद धरावयाचा, पायात ॲल्युमिनियमचे हलके कडे घालावयाचे आणि सोडून द्यावयाचा. तोच पक्षी परदेशी कुठे सापडला की कड्यावरच्या आकड्याने त्याची वाट कळे. मेलेल्या पक्ष्याने जे कधीच सांगितले नसते ते जिवंत पक्षी सांगू लागला.

डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला त्यांचा दहा खंडांचा पक्षिग्रंथ १९६४ ते १९७४ या काळात पुरा झाला. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण आणि १९८५ साली राज्यसभेचे सदस्यत्व त्यांना लाभले. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदीनंतर, त्यांनी देह ठेवला.

भिंतीवरची बारा बोअर आता बहुतेक घरांतून गेली आहे. तिच्या खुंटीला एखाद्या नातवाने दुर्बीण अडकविली असेल, तर तिचे वजन त्याने मनात जरूर तोलून पाहावे. हबीबगंजहून तलावाकडे जाताना ती गळ्यात जड वाटत नाही, याचे कारण तिच्या आधीचा भार दुसऱ्या कोणी तरी वाहिलेला आहे.