समजून घ्या : अर्थशास्त्र आणि कायदा एकाच वेळी; बाबासाहेबांनी दुहेरी शिक्षण कसे पूर्ण केले?

ढाणकी : पदवीनंतर अर्थशास्त्रात एमए करायचे की एलएलबीला जायचे, हा प्रश्न ढाणकीसारख्या गावात बहुतेकदा खर्चापाशी येऊन अडतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे दोन्ही विषय सोबत घेतले होते. पैशांची अडचण त्यांनाही चुकली नाही.

शिक्षण अर्धवट का राहिले?
बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे १९१५ मध्ये एमए झाले. १९१६ मध्ये लंडनला त्यांनी दोन संस्थांत नाव घातले. अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन. मात्र १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि दोन्ही अभ्यास सोडून परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन शिक्षण पूर्ण करण्याची परवानगी तेवढी हाती होती.

पैसे कसे उभे राहिले?
बडोद्यातील नोकरी जातिभेदामुळे सुटली. राहायला जागाही मिळाली नाही. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पगारातील बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५ हजार रुपयांचे कर्ज, यावर १९२० मध्ये त्यांनी पुन्हा लंडन गाठले.

कोणत्या पदव्या मिळाल्या?
१९२१ मध्ये एमएस्सी, १९२२ मध्ये बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये डीएस्सी. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध आधी अडला होता. फेरफार करून तो पुन्हा सादर करावा लागला.

दोन्हींचा उपयोग काय झाला?
मुंबई उच्च न्यायालयात वकिली करतानाच त्यांनी चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. १९३७ मध्ये खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. केंद्र आणि प्रांतांतील महसुलाची वाटणी हा त्यांच्या संशोधनाचा विषय. पुढे ते मसुदा समितीचे अध्यक्ष असताना घडलेल्या राज्यघटनेत याच वाटणीसाठी कलम २८० खाली वित्त आयोगाची तरतूद झाली.

आज काय करता येते?
बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक विधी अभ्यासक्रम, किंवा अर्थशास्त्रात पदवी घेऊन तीन वर्षांची एलएलबी. एलएलबीसोबत दुसरी नियमित पदवी करण्यास मात्र बार कौन्सिलचे नियम परवानगी देत नाहीत. पैशांअभावी शिक्षण थांबवायची वेळ आलीच, तर नाव काढण्याआधी खंडानंतर परत प्रवेश मिळण्याचा नियम महाविद्यालयात जरूर विचारा. बाबासाहेबांनी लंडन सोडताना आधी हीच सोय करून घेतली होती.