सांडव्याचे पाणी आणि विश्वेश्वरय्या

रायगडाच्या वाटेवरचे आमचे नाते गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते चिंतामणराव देशमुखांमुळे. १४ जानेवारी १८९६ रोजी त्यांचा येथे जन्म झाला. पुढे १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले व नंतर देशाचे अर्थमंत्री. वक्तृत्व स्पर्धा आली की देशमुखांवर बोलायचे, हा आमच्याकडचा शिरस्ताच. वार्षिकांकासाठी चरित्रलेख लिहितो म्हटल्यावर वर्गमित्रांनी तेच गृहीत धरले. परंतु मी लिहीत आहे ते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्याविषयी. ते आमच्या गावचे नव्हेत, आमच्या प्रांताचेही नव्हेत. तरी त्यांच्या उमेदीची चोवीस वर्षे मुंबई इलाख्यात गेली आणि त्यांनी आयुष्यभर ज्या प्रश्नाचा पाठपुरावा केला तो आमच्या दाराशी दर पावसाळ्यात येऊन उभा राहतो. जास्तीच्या पाण्याचे करायचे काय, हा तो प्रश्न.

गांधारी नदी फुगली की महाडचा रस्ता बंद होतो, कॉलेज बुडते. २२ जुलै २०२१ ला तर सावित्री-गांधारीच्या पाण्याने महाड शहरच बुडवले. माझे वडील चौथीपर्यंत शिकलेले. भाताच्या खाचराला बांध घालताना जादा पाणी कोणत्या कोपऱ्यातून सोडायचे हे ते आधी ठरवतात, बांध मागाहून घालतात. विश्वेश्वरय्यांचे चरित्र वाचताना मला पदोपदी वडिलांच्या या रीतीची आठवण होत होती.

आजच्या कर्नाटकातील चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे जाणकार, घरची स्थिती बेताची. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना शिकवण्या करून त्यांनी पोट भरले व बी. ए. ची पदवी घेतली. आपल्यासारखेच ते आधी बी. ए. झाले, हे येथे मुद्दाम सांगतो! नंतर म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले.

पहिली नेमणूक नाशिकला, मग खानदेशात. तेथे पांझरेच्या खोऱ्यात ओढ्याखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या नळाचे, म्हणजे सायफनचे काम त्यांच्याकडे आले. ऐन पावसाळा, ओढ्याला लोंढे, केलेले काम गाळाने भरून जाई. पावसाळा संपेपर्यंत थांबावे असे त्यांनी वरिष्ठांना कळवले, त्यावर नाराजी ओढवून घेतली, पण शेवटी काम पुरे करून दाखवले. पुढे सिंधमधल्या सक्करला गावासाठी पिण्याचे पाणी हवे होते. सिंधू नदी गढूळ आणि गाळण्याच्या मोठ्या टाक्या बांधायला नगरपालिकेजवळ पैसे नाहीत. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणली आणि वाळूतून आपोआप गाळले जाणारे पाणी काठावर आणले. जे काम निसर्ग फुकट करतो त्याला पैसे कशाला मोजायचे, ही त्यांची दृष्टी येथे प्रथम स्पष्ट दिसते.

परंतु खरी गोष्ट खडकवासल्याची. पुण्याला पाणी पुरवणारा हा तलाव त्या काळी फाईफ तलाव म्हणून ओळखला जाई. दरसाल पावसाळ्यात तो भरे आणि सांडव्यावरून कित्येक फूट पाणी वाहून जाई, उन्हाळ्यात मात्र पाण्याची ओढ. सरळ उपाय म्हणजे धरण उंच करायचे. पण जुन्या दगडी भिंतीवर नवे ओझे घालणे धोक्याचे आणि खर्चाचे. नुसता सांडवाच उंच केला तर मोठ्या पुरात पाणी भिंतीच्या माथ्यावर चढायचे. म्हणजे साठवायचे तर पुराची भीती आणि पुराची भीती धरायची तर उन्हाळ्यात टंचाई. १९०३ मध्ये विश्वेश्वरय्यांनी या सांडव्यावर स्वयंचलित दारे बसवली. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत येईतो दारे बंद. त्यामुळे जुन्या सांडव्याच्या वर सुमारे आठ फूट पाणी जास्त साठू लागले. पातळी त्याच्या वर जाऊ लागली की वजनांनी तोललेली ती दारे पाण्याच्याच जोराने आपोआप उघडत आणि पूर ओसरला की आपोआप मिटत. रात्री-अपरात्री मुसळधार पावसात कोणी पहारेकरी धावत जाऊन चाक फिरवायला नको.

आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना हे डोळ्यांपुढे आणायला जरा कठीण जाते. मला ते समजले माशांच्या टाकीमुळे. माझा दादा मुंबईला नोकरीस आहे. त्याला मासे पाळण्याची हौस. गेल्या वर्षी गावच्या घरी त्याने काचेची मोठी टाकी मांडायचे ठरवले. खाली आणखी एक टाकी, तीत पाणी गाळले जाते व पंपाने वर चढते. वरचे जादा पाणी पुन्हा खाली उतरते. ते उतरवायचे कसे यावर घरात आठ दिवस खल चालला. एक मार्ग म्हणजे काचेला भोक पाडून उभा नळ बसवायचा. नळाच्या तोंडाशी पाणी आले की ते आपसूक आत पडते आणि पातळी त्याहून खाली जात नाही. दुसरा मार्ग म्हणजे काच न फोडता कडेवर एक पेटी अडकवायची आणि वाकड्या नळीच्या सायफनने पाणी ओढून घ्यायचे. दुसरा मार्ग सोपा दिसतो, पण नळीत हवा शिरली की सायफन तुटतो. पंप मात्र वर पाणी ढकलतच राहतो आणि टाकी काठावरून घरात वाहू लागते. आमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून चारदा जाते. वीज आली की पंप आपोआप सुरू होणार, सायफन होईलच याचा भरवसा नाही. शेवटी भोक पाडायचे ठरले. शिवाय वीज गेल्यावर नळाच्या तोंडापर्यंतचे पाणी खाली उतरणार, तेव्हा ते मावेल इतकी जागा खालच्या टाकीत नेहमी रिकामी ठेवायची, हेही ठरले. वडिलांनी एवढेच विचारले की नळाच्या तोंडाशी शेवाळ अडकले तर? म्हणून दादाने थोड्या वर दुसरा नळ घेतला.

आता ही रिकामी जागा लक्षात ठेवावी. २८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसे दगावली. विश्वेश्वरय्यांनी मुंबई सरकारची नोकरी त्याच वर्षी सोडली होती. निजाम सरकारने त्यांना बोलावून घेतले. शहराच्या काठाने नुसत्या भिंती उभारून भागणार नाही हे त्यांनी ओळखले. नदीवर वरच्या अंगाला मोठे जलाशय बांधावेत आणि त्यांत पुराचे पाणी सामावायला जागा राखावी, असा त्यांचा सल्ला होता. पुढे त्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले. भरलेला तलाव सर्वांना आवडतो, परंतु जाणूनबुजून थोडा रिकामा ठेवलेला तलाव शहर वाचवतो. माझ्या मते हा विचार स्वयंचलित दारांहून मोठा आहे, जरी नाव दारांचे झाले. महाडच्या पुरावर बोलताना भिंतीचा आणि गाळ काढण्याचा विषय निघतो. पाण्याला वरच्या अंगाला थांबायला जागा कोठे ठेवली, हे मी फारसे ऐकलेले नाही.

१९०९ च्या अखेरीस ते म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले आणि कावेरीवरच्या कृष्णराजसागर धरणाचे काम हाती घेतले. तेथेही खडकवासल्याच्या धर्तीची स्वयंचलित दारे बसली. १९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. म्हैसूर बँक, १९१६ चे म्हैसूर विद्यापीठ, भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना अशी कामांची यादी लांब आहे. ती कोणत्याही पुस्तकात मिळेल.

एक गोष्ट मात्र तशी सोडून देता येत नाही. ब्राह्मणेतर समाजांना सरकारी नोकऱ्यांत वाटा मिळावा म्हणून महाराजांनी १९१८ मध्ये मिलर समिती नेमली. विश्वेश्वरय्यांना हे धोरण मान्य नव्हते. गुणवत्ता खालावेल असे त्यांना वाटे, आणि दिवाणपद सोडण्यामागे हा मतभेद होता. ज्यांच्या घरात आजवर कॉलेजचे तोंड कोणी पाहिले नव्हते अशांपैकी मी एक आहे, तेव्हा येथे माझे मन त्यांच्यामागे जात नाही. शिकवण्या करून शिकलेल्या, शिष्यवृत्तीवर पुण्याला आलेल्या माणसाला हे का उमगले नसावे, याचे आश्चर्य वाटते. त्यानंतर नऊ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आमच्याच महाडात चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तळे भरलेले होते. प्रश्न ओंजळीचा होता. तो कोणत्याही स्वयंचलित दाराने सुटणारा नव्हता.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. त्या वेळी देशाचे अर्थमंत्री आमचे चिंतामणराव देशमुख होते, एवढा तरी संबंध मला जोडता येतो! विश्वेश्वरय्यांनी शंभरी गाठली आणि त्याच सुमारास, १२ जुलै १९६१ रोजी, बांधकाम अपुरे असलेले पानशेत धरण फुटले. त्याच्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे जुने धरणही फोडले आणि पुणे शहरात पाणी घुसले. खडकवासल्याचे धरण पुढे पुन्हा बांधले गेले. विश्वेश्वरय्या १९६२ च्या एप्रिलमध्ये बंगळूरला वारले आणि त्यांचे अंत्यसंस्कार मुद्देनहळ्ळीत, जन्मगावीच झाले. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, देशात अभियंता दिन म्हणून पाळतात. आमच्याकडे तेव्हा पाऊस ओसरायला लागलेला असतो आणि खाचरांत भात पोटरीला आलेले असते.