विश्लेषण : राधानगरीचे ढग, दुष्काळाचा धडा आणि शाहू महाराजांचे धरण

पावसाळ्यात राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की कोल्हापूरकरांचे मोबाइल वाजू लागतात. या धरणाची मुळे मात्र पुरात नाहीत, ती पावसाने पाठ फिरवलेल्या वर्षांत आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी हे धरण का हाती घेतले आणि त्यासाठी राधानगरीच का निवडली, त्याविषयी...

शाहू महाराज गादीवर कसे आले?

२६ जून १८७४ रोजी कागलकर घाटगे घराण्यात जन्मलेले यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. राजकोट आणि धारवाड येथे शिक्षण झाल्यावर २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. तेव्हा ते वीस वर्षांचेही नव्हते.

पहिली मोठी परीक्षा कोणती?

अधिकार मिळून दोन वर्षे होतात तोच १८९६ चा पावसाळा लवकर आटोपला. खरीप हातचा गेला, रब्बीला ओल उरली नाही. मुंबई इलाख्यात दुष्काळ पडला, पाठोपाठ प्लेग आला. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, दुष्काळी कामे काढली, शेतकऱ्यांना तगाई दिली, जनावरांच्या चाऱ्याची सोय केली. निराधारांसाठी आश्रम सुरू केले. एवढ्यात १८९९ मध्ये पावसाने पुन्हा दगा दिला. तीन वर्षांत दोनदा तेच संकट आले, तेव्हा दरवेळी मदतकार्य काढून भागणार नाही, हे स्पष्ट झाले.

पावसाचा अंदाज मिळत नव्हता का?

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ ची, म्हणजे महाराजांच्या जन्मानंतर एकाच वर्षाने झालेली. मोसमी पावसाचे दीर्घकालीन अंदाज १८८६ पासून दिले जाऊ लागले. पण ते मोठ्या प्रदेशाचे असत. आपल्या तालुक्यात पेरणीनंतर पाऊस टिकेल की नाही, हे त्यातून शेतकऱ्याला समजत नसे. त्याचा भरवसा नक्षत्रांवर, वाऱ्याच्या दिशेवर आणि आभाळाच्या रंगावर.

यातल्या काही खुणांना शास्त्रीय आधार आहे. चंद्राला खळे पडते ते उंचावरच्या पातळ ढगांतील बर्फाच्या स्फटिकांतून प्रकाश वळल्यामुळे. अशा खळ्यावरून वर ओलावा आहे एवढे कळते. पाऊस कुठे आणि किती पडेल हे नाही. वळवाचे ढग दुपारच्या तापलेल्या हवेतून उभे चढतात, गडगडाट करून तासाभरात मोकळे होतात. एका शिवारात गारा, तर शेजारच्या शिवारात धूळ! पिकाचे वर्ष अशा पावसावर निघत नाही.

मग राधानगरीच का?

कारण इथे ढगांना थांबावेच लागते. जूनपासून अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला अडतात आणि वर चढतात. कोरडी हवा एक किलोमीटर वर गेली की साधारण १० अंश सेल्सिअसने थंड होते. थंड हवेत बाष्प मावत नाही, त्याचे ढग होतात. दाजीपूर, राधानगरी, गगनबावडा या पट्ट्यात हे ढग डोंगरमाथ्यांना टेकतात. खालून पाहणाऱ्याला तो ढग दिसतो, माथ्यावर उभे असणाऱ्याला तेच दाट धुके वाटते.

घाट ओलांडून पूर्वेला उतरणारी हवा पुन्हा तापते, ढग विरतात. म्हणूनच घाटमाथ्यावर वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, शिरोळकडे, काही शे मिलिमीटरवर भागवावे लागते. थोडक्यात, संस्थानात पावसाचे पाणी होते. पण ते एका बाजूला, चार महिन्यांत पडून नदीवाटे निघून जात होते.

धरण कसे उभे राहिले?

१९०२ मध्ये महाराजांनी पाटबंधाऱ्यांचे धोरण आखले, स्वतंत्र अधिकारी नेमला, संस्थानातील विहिरी आणि तळ्यांची पाहणी करवली. १९०८ मध्ये कन्या राधाबाई ऊर्फ आक्कासाहेब यांच्या नावाने राधानगरी वसली. १९०९ मध्ये जवळच फेजिवडे येथे भोगावती नदीवर धरणाचे काम सुरू झाले. जलाशयाला राणीसाहेबांचे नाव मिळाले : महाराणी लक्ष्मीबाई तलाव.

एका संस्थानाच्या तिजोरीला हे काम झेपणारे नव्हते. त्यात पहिले महायुद्ध आले. १९१८ पर्यंत भिंत सुमारे ४० फुटांवर पोहोचली आणि काम थांबले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले, तेव्हा धरण अपुरेच होते. वय अवघे ४७. उरलेले बांधकाम स्वातंत्र्यानंतर, १९५७ मध्ये पूर्ण झाले.

या धरणाने काय बदलले?

आज धरणाची साठवण क्षमता सुमारे ८.३६ टीएमसी आहे. पावसाळ्यात अडवलेले पाणी उन्हाळ्यात भोगावतीतून खाली सोडले जाते. काठावरचा ऊस त्यावर उभा आहे, गावांच्या पाणी योजना चालतात, पायथ्याला वीजही तयार होते. १८९६ सारखा पाऊस सप्टेंबरआधी आटोपला, तरी या काठाला त्या वर्षाइतके हताश व्हावे लागत नाही.

आता चिंता उलटी का?

धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ३४७.५ फुटांवर गेले की दाबाने दरवाजा आपोआप उघडतो, पातळी उतरली की मिटतो. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी बाहेर पडते. माणसाने बटण दाबण्याची गरज नाही, पण धरण काठोकाठ भरल्यावर विसर्ग लांबवण्याची मुभाही राहत नाही. त्याच वेळी पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीला किंवा ४३ फुटांच्या धोका पातळीला असेल, तर शहराची धाकधूक वाढते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर प्रत्येक पावसाळ्यात हा हिशेब मांडावा लागतो.

महाराजांसमोर प्रश्न होता तो ढगांनी दिलेले पाणी टिकवायचे कसे, हा. आज त्याला दुसरा जोडला गेला आहे : पुढच्या ढगांसाठी धरणात जागा केव्हा आणि किती ठेवायची? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळायला जवळपास पन्नास वर्षे लागली. दुसऱ्यासाठी तेवढा वेळ हाताशी नाही.