डायलिसिसवरचे जेपी

पेडर रोडवरून जाताना जसलोक हॉस्पिटलची उंच इमारत तुम्ही अनेकदा पाहिली असेल. नोव्हेंबर १९७५ मध्ये इथे पॅरोलवर सुटलेला ७३ वर्षांचा एक कैदी दाखल झाला. दोन्ही किडन्या निकामी. नाव जयप्रकाश नारायण.

शाळेच्या पुस्तकात जेपी दोन ओळींत संपतात. खरं तर त्यांचं आयुष्य एखाद्या सिनेमासारखं आहे. १९०२ चा जन्म. अमेरिकेत शिकायला गेले, तिथे शेतात आणि हॉटेलांत राबून फी भरली. १९३२ मध्ये इंग्रजांनी पकडलं आणि आपल्या नाशिकच्या तुरुंगात ठेवलं. काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना तिथेच शिजली. १९४२ च्या दिवाळीच्या रात्री हजारीबाग तुरुंगाची भिंत ओलांडून पळाले. स्वातंत्र्यानंतर मात्र मंत्रिपदाच्या वाटेला गेले नाहीत, भूदानात रमले. १९७४ मध्ये बिहारच्या विद्यार्थ्यांनी बोलावलं, म्हणून परत रस्त्यावर आले. पुढच्या वर्षी आणीबाणी लागली आणि थेट कैद.

कैदेतच किडन्या गेल्या. मग जसलोकमध्ये डायलिसिस सुरू झालं. म्हणजे काय, तर रक्त नळीतून बाहेर काढायचं, कृत्रिम गाळणीतून साफ करायचं आणि परत शरीरात सोडायचं. हे काही तास चालतं आणि आठवड्यातून दोन-तीनदा, कायमचं करावं लागतं. घरी मशीन हवं, तर त्यासाठी पैसे कुठून आणायचे? पंतप्रधानांच्या मदतनिधीतून रक्कम आली, ती जेपींनी परत केली. मशीन आलं ते लोकांच्या वर्गणीतून.

आता गंमत बघा. १९७७ ची निवडणूक त्यांनी याच अवस्थेत लढवून घेतली. स्वतः उमेदवार नव्हते, पण विरोधकांना एकत्र बांधलं आणि डायलिसिसच्या तारखा सांभाळत सभा घेतल्या. सरकार बदललं. मार्च १९७९ मध्ये ते जसलोकमध्ये जिवंत असताना लोकसभेत चुकून त्यांना श्रद्धांजलीही वाहिली गेली! प्रत्यक्षात ते ८ ऑक्टोबर १९७९ ला पाटण्यात गेले.

जेपींना डायबेटिस होता. आज डायबेटिसवरचीच डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधं किडनीचा ऱ्हास मंदावतात. २०२० च्या मोठ्या चाचणीत तर डायबेटिस नसलेल्या किडनीच्या पेशंटनाही त्यांचा फायदा दिसला. म्हणजे अनेकांचं डायलिसिस लांबणीवर टाकता येतं. पण त्यासाठी आजार वेळेत कळायला हवा, आणि किडनी बिघडताना बहुतेक वेळा दुखत नाही. तिथेच सगळी गडबड होते.

लालबाग-परळच्या तुमच्या चाळीतही डायलिसिसला जाणारे एखादे काका असतील. त्यांना संपलेला माणूस समजू नका, जेपी आठवा. आणि घरी कुणाला शुगर किंवा बीपी असेल, तर त्यांची लघवीतल्या प्रोटीनची आणि रक्तातल्या क्रिएटिनिनची तपासणी कधी झाली होती, हे आज रात्री जेवताना विचारा.