मागची वाट पुसणाऱ्या संख्या

खांदा कॉलनीतल्या एखाद्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या संगणकावर रात्रभर चालणारे गणन वीज गेल्याने मध्येच तुटले, तर ते नेमके तिथूनच पुढे कसे न्यावे? संगणकाच्या ‘यादृच्छिक’ संख्या खऱ्या अर्थाने यादृच्छिक नसतात. प्रत्येक संख्या आधीच्या स्थितीतून ठरावीक नियमाने निघते. ती स्थिती जपून ठेवली, तर पुढची माला जशीच्या तशी परत मिळते. संख्यांच्या अशा चालींवर देवळालीच्या एका शाळामास्तरांनी, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी, संगणकाविना आयुष्य वेचले.

१७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूत जन्मलेल्या कापरेकरांचे शालेय शिक्षण ठाण्यात झाले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये पदवी; पुढे १९३० ते १९६२ देवळालीत शिक्षकी. पदव्युत्तर शिक्षण नसल्याने आणि विषय ‘करमणुकीचा’ भासल्याने अनेक पंडितांनी त्यांना गांभीर्याने घेतले नाही.

१९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ हा अंक मांडला. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, आलेल्या उत्तरावर तेच करीत राहावे. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतो आणि तिथेच राहतो. त्याच सुमारास अमेरिकेत जॉन फॉन नॉयमन संख्येचा वर्ग करून मधले अंक उचलण्याची युक्ती यादृच्छिक संख्यांसाठी वापरत होते. ती मालाही अखेर एखाद्या छोट्या चक्रात किंवा शून्यात अडकते. नॉयमन यांच्या दृष्टीने जो दोष, तोच कापरेकरांना मोहवणारा चमत्कार.

त्यांचा दुसरा खेळ अधिक खोल होता. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची: ४७ पासून ५८, ५८ पासून ७१. पुढची वाट अटळ. मागची मात्र नाही. १०१ ला ९१ आणि १०० असे दोन जनक, तर २० किंवा ५३ ला जनकच नाही. अशा निर्जनक संख्यांना ‘देवळाली संख्या’ हे नाव मिळाले. १०१ वर पोहोचलेल्याला आपण कुठून आलो हे केवळ त्या संख्येवरून सांगता येत नाही. ते आधीच टिपून ठेवावे लागते. संगणकाचा ‘मर्सेन ट्विस्टर’ पुढे न्यायला तर ६२४ संख्या आणि त्यांतले चालू स्थान जपावे लागते.

मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कापरेकरांवर लिहिले आणि जगाला देवळाली ठाऊक झाली. तेव्हा त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षे लोटली होती. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.