५३-एन क्रमांकाची बाटली

मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात २०२५ मध्ये खोकल्याच्या दूषित औषधामुळे लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि त्यांतली अनेक मुले दगावली. त्यानंतर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या औषधाच्या एका ठरावीक बॅचची विक्री व वापर तातडीने थांबवण्याची सूचना दिली. अशी सूचना आली की घराघरांत औषधाच्या बाटल्या बाहेर काढल्या जातात आणि लेबलावरचा बारीक अक्षरांतला क्रमांक बहुधा पहिल्यांदाच नीट वाचला जातो. एका बाटलीच्या क्रमांकावरून किती जीव, किती विश्वास आणि एका माणसाचे अख्खे आयुष्य पणाला लागू शकते, हे पाहायचे असेल तर वाल्डेमार हाफकिन यांचे चरित्र पाहावे. मुंबईत परळ येथे असलेल्या हाफकिन इन्स्टिट्यूटला ज्यांचे नाव आहे, तेच हे हाफकिन.

त्यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. शिक्षण प्राणिशास्त्राचे. पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखवणारे मेचनिकॉफ हे त्यांचे गुरू. झारच्या राजवटीत ज्यूंवर हल्ले होत, तेव्हा स्वसंरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते आणि त्यापायी त्यांना अटकही झाली. पुढे देश सोडून ते पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत आले. संशोधकाची जागा रिकामी नव्हती, म्हणून ग्रंथालयातली नोकरी पत्करली आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम केले. त्यातून पटकीची (कॉलऱ्याची) लस तयार झाली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले. कोलकात्याच्या वस्त्यांत आणि उत्तर भारतातल्या गावोगाव फिरून त्यांनी हजारो लोकांना ही लस दिली.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले. सरकारने हाफकिन यांना बोलावले आणि ऑक्टोबरमध्ये ते मुंबईत पोहोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा आणि हाताखाली मोजकी माणसे मिळाली. एवढ्यावर त्यांनी सुमारे तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. बोकडाच्या मांसाच्या रसात ते जंतू वाढवत आणि त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवत. त्या थेंबांच्या खालच्या बाजूला जंतूंचे पुंजके झुंबरासारखे लोंबत वाढायचे. नंतर उष्णता देऊन जंतू मारले जात. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी या लसीचीही पहिली मात्रा स्वतःला टोचून घेतली. पुढच्या लोकांना देणार होते त्याहून ही मात्रा बरीच मोठी होती. ताप आला, दंड सुजला, पण ते कामावर राहिले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. न घेतलेल्यांच्या तुलनेत लस घेतलेल्यांत प्लेग कमी झाल्याचे दिसले.

तो काळ महाराष्ट्रासाठी भयंकर होता. मार्च १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. त्याच वर्षी जूनमध्ये प्लेग निवारणातल्या सक्तीच्या रागातून रँडची हत्या झाली. आपल्या नाशिक जिल्ह्यातही साथ पसरली. १८९९ मध्ये भगूरला विनायक दामोदर सावरकर यांचे वडील दामोदरपंत प्लेगने गेले. घरात घुसून तपासणी आणि सक्तीने रुग्णालयात नेणे यांमुळे लोकांचा सरकारी उपायांवर विश्वास उरला नव्हता. अशा वातावरणात हाफकिन सक्तीऐवजी समजुतीवर भर देत. आगाखान यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी लस घेतली, तसे लोकही पुढे येऊ लागले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये हलली आणि तिथून लाखो मात्रा देशभर जाऊ लागल्या.

१९०२ मध्ये पंजाब सरकारने फार मोठ्या प्रमाणावर लस मागितली. मागणी पुरी करण्यासाठी परळला उत्पादनाच्या पद्धतीत बदल झाला. आधी लसीत थोडे कार्बोलिक ॲसिड घालत. नव्या पद्धतीत ते वगळले आणि निर्जंतुकीकरणाची सारी भिस्त उष्णतेवर ठेवली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल या खेड्यात १०७ जणांना लस दिली गेली. त्या दिवशी पाच बाटल्या वापरल्या होत्या. सुमारे आठवड्याने १९ जणांचे जबडे आवळले, अंगाला आचके येऊ लागले. तो धनुर्वात होता. एकोणीसच्या एकोणीस जण मरण पावले. या सर्वांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. बाटलीचा क्रमांक होता ५३-एन. इतर चार बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांना धनुर्वात झाला नाही.

बाटल्यांवर क्रमांक नसते, कोणत्या माणसाला कोणत्या बाटलीतून लस दिली याची नोंद नसती, तर दोष लसीचा की एका बाटलीचा हे कधीच कळले नसते. नोंद होती म्हणून संशय एका बाटलीपर्यंत आणता आला. पण त्या बाटलीत जंतू शिरले कुठे, परळला की मुल्कोवालला, हा प्रश्न उरला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. बाटली परळमधून निघण्याआधीच दूषित झाली होती, असा निष्कर्ष आयोगाने काढला. कार्बोलिक वगळल्याचा ठपकाही आला. प्रयोगशाळेचे प्रमुखपद हाफकिन यांच्या हातून गेले आणि ते इंग्लंडला गेले.

मुल्कोवालच्या नोंदींत मात्र आणखी एक गोष्ट होती. बाटलीचे बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता. नियमाप्रमाणे तो ज्योतीत धरून निर्जंतुक करायला हवा होता, पण नुसता कार्बोलिकच्या पाण्यात फिरवून वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. त्यांचे बीजाणू इतके चिवट असतात की जंतुनाशकात क्षणभर बुडवून ते मरत नाहीत.

वैज्ञानिकांनी पुढचा विचार असा केला. ही बाटली परळला काही आठवड्यांपूर्वी भरली होती. बंद बाटलीत हवा नसते आणि धनुर्वाताच्या जंतूंना तेच मानवते. ते तेव्हाच आत शिरले असते तर एवढ्या दिवसांत वाढून बाटलीत भरपूर विष साठले असते आणि द्रवाला घाण वास आला असता. उघडताना तसा वास आल्याची नोंद नव्हती. तयार विष टोचले गेले असते तर लक्षणेही लवकर दिसली असती. ती आठवड्याने दिसली, म्हणजे जंतू शरीरात शिरल्यावर वाढले असावेत. थोडक्यात, बाटली उघडतानाच दूषित झाली असण्याची शक्यता अधिक होती. मलेरियाच्या शोधासाठी नोबेल मिळालेल्या रोनाल्ड रॉस यांनी हा मुद्दा लावून धरला. जुलै १९०७ मध्ये त्यांच्यासह दहा नामांकित वैज्ञानिकांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहिले. त्यानंतर सरकारने हाफकिन यांना पुन्हा कामावर घेतले.

पण तोवर पाच वर्षे गेली होती. पंजाबातली व्यापक लसीकरणाची योजना बारगळली आणि लोकांच्या मनात भीती बसली. १९०७ या एकाच वर्षात भारतात प्लेगने दहा लाखांहून अधिक बळी घेतले. एक बाटली बाजूला काढायची होती, तिथे सगळ्या लसीवरच संशय पसरला, ही या प्रकरणातली सर्वांत मोठी हानी. हाफकिन कोलकात्याला परत आले, पण परळ त्यांना मिळाले नाही आणि माणसांवर नवीन लसींचे प्रयोग करण्याची मोकळीकही राहिली नाही. निवृत्तीनंतर ते युरोपात परतले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

मुल्कोवालनंतर लस, औषध आणि ग्राहकोपयोगी वस्तूंची सुरक्षितता याच पायावर उभी राहत गेली: प्रत्येक उत्पादनाला बॅच क्रमांक, प्रत्येक बॅचचा राखून ठेवलेला नमुना आणि कोणाला काय दिले याची नोंद. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले, तेव्हाही न्यायमूर्ती लेंटिन आयोगाला ते ग्लिसरीन कुठून कुठे गेले याचा माग काढावा लागला. २००७ मध्ये मॅटेल कंपनीने रंगात शिसे आढळल्याने लाखो खेळणी परत मागवली, तेव्हा पालकांना खेळण्यावरचे नाव आणि सांकेतिक क्रमांक तपासायला सांगितले गेले. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते आणि लहान मूल खेळणे तोंडात घालतेच. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने धोकादायक वस्तू बाजारातून परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्रीय प्राधिकरणाला दिला आहे.

पण आदेश निघाला तरी वस्तू ओळखता आली पाहिजे. कालिकादेवीच्या यात्रेत पालावर घेतलेल्या बिनछापाच्या रंगीत खेळण्याला ना उत्पादकाचे नाव असते, ना क्रमांक. ते उद्या घातक ठरले तर परत मागवणार कोण आणि कसे? म्हणून नाव, क्रमांक आणि आयएसआय चिन्ह असलेलेच खेळणे घ्यावे. औषध संपेपर्यंत त्याचे वेष्टण आणि बिल जपून ठेवावे. दुसऱ्या बाटलीत औषध ओतून ठेवू नये. औषध घेतल्यावर मुलाची लघवी कमी झाली, उलट्या सुरू झाल्या किंवा ते सुस्त पडले, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे आणि जाताना ती बाटली सोबत न्यावी. घाबरून ती मोरीत ओतून टाकू नये, कारण पुढच्या मुलाला वाचवणारा पुरावा तिच्यातच असतो. एका बॅचबद्दल सूचना आली म्हणून मुलांच्या ठरलेल्या लसी किंवा चालू औषधे मात्र डॉक्टरांना न विचारता थांबवू नयेत.