ऑस्कर बार्नाक : लहान कॅमेऱ्याचे जनक

छायाचित्रें काढण्याची हौस असलेल्या पालकांच्या व वरच्या वर्गांतील मुलांच्या तोंडीं 'फुल फ्रेम' हा शब्द आम्ही वारंवार ऐकतों. असा कॅमेरा घ्यावा कीं न घ्यावा, त्यास कोणतें भिंग जोडावें, फ्लॅश कोणता व स्टँड कोणता, याचा पुष्कळ खल चालतो. परंतु ही पुरी चौकट म्हणजे किती मोठी, असें विचारलें तर उत्तर सहसा मिळत नाहीं. ती 24 मिलिमीटर उंच व 36 मिलिमीटर रुंद असते; म्हणजे आगपेटीहूनही लहान. हें माप पंडितांच्या कोणा सभेनें ठरविलेलें नाहीं. जर्मनींतील एका दमेकरी कारागिराच्या हातून तें ठरलें. त्यांचें नांव ऑस्कर बार्नाक.

बार्नाक यांचा जन्म 1 नोव्हेंबर 1879 रोजीं ब्रांडेनबुर्ग प्रांतांतील लिनो नांवाच्या खेड्यांत झाला. पुढें हें कुटुंब बर्लिनजवळ राहावयास गेलें, आणि शाळा संपतांच मुलास एका यंत्रकाराच्या हाताखालीं उमेदवारीस ठेवण्यांत आलें. विद्यापीठाची पायरी त्यांनीं कधीं चढली नाहीं. हाताला कसब होतें, त्याच्या बळावर 1902 सालीं येना शहरांतील कार्ल झाइस यांच्या प्रसिद्ध कारखान्यांत त्यांना काम मिळालें.

त्यांना छायाचित्रणाचा मोठा नाद होता, आणि दमाही होता. या दोहोंचें एकमेकांशीं जमत नसे. त्या काळचें सामान म्हणजे भात्याचा मोठा कॅमेरा, 13 × 18 सेंटिमीटर मापाच्या कांचेच्या प्लेटी, त्या ठेवण्याच्या चौकटी आणि वर तीन पायांचा स्टँड. हें सारें खांद्यावर घेऊन थुरिंगियाच्या डोंगराळ अरण्यांत चढतांना बार्नाक यांचा श्वास कोंडे. नाद सोडून देणें हा एक मार्ग होता. एखाद्या धडधाकट सोबत्याच्या पाठीवर ओझें देणें हा दुसरा. त्यांनीं तिसराच धरला : मूळ चित्र लहान घ्यावें आणि कागदावर उतरवितांना तें मोठें करावें. 1905 च्या सुमारास त्यांनीं एकाच प्लेटीवर अनेक लहान चित्रें घेऊन पाहिलीं. पण प्लेटीवरील रसायनाचे कण जाड असल्यामुळें मोठीं केलेलीं चित्रें रवाळ दिसूं लागलीं. प्रयत्न फसला, विचार तेवढा मनांत राहिला.

1911 च्या आरंभीं ते वेट्झलार येथील अर्न्स्ट लाइट्झ यांच्या कारखान्यांत आले. तेथें मुख्यतः सूक्ष्मदर्शक यंत्रें होत. एमिल मेखाऊ या जुन्या सोबत्यानें त्यांची शिफारस केली होती. वारंवार आजारी पडणाऱ्या माणसास कोण कामावर ठेवील, अशी बार्नाक यांना शंका होती, आणि ती त्यांनीं लपविलीही नाहीं. लाइट्झ यांनीं तरी त्यांना घेतलें, व प्रयोगविभाग त्यांच्या हातीं सोंपविला. आमच्या मतें या हकीगतींत हा निर्णय पुढच्या कोणत्याही निर्णयाहून कमी मोलाचा नाहीं.

वेट्झलारला बार्नाक यांनीं सिनेमाचाही एक कॅमेरा बनविला होता, त्यामुळें सिनेमाची फिल्म त्यांच्या हाताखालून जात असे. ही फिल्म 35 मिलिमीटर रुंद, दोन्ही कडांना भोंकें असलेली, आणि तिचे कण प्लेटीच्या मानानें बारीक. तिच्यावरील एक चित्र 24 मिलिमीटर रुंद व 18 मिलिमीटर उंच असे. सिनेमाच्या यंत्रांत फिल्म वरून खालीं सरकते. बार्नाक यांनीं ती आडवी सरकविली आणि लगतच्या दोन चित्रांची जागा एकाच चित्रास दिली. जी 24 ची रुंदी होती ती उंची झाली, आणि अठरा दुणे छत्तीस ही रुंदी झाली. पाढे पाठ असलेल्या आमच्या लहान मुलांसही समजेल असा हा हिशेब आहे. जुन्या प्लेटीचें क्षेत्रफळ 234 चौरस सेंटिमीटर; या चौकटीचें नऊही भरत नाहीं. सत्तावीस पटींनीं जागा कमी झाली. फिल्म पुढें सरकविणारी कळ फिरविली कीं प्रकाश आंत सोडणारा पडदाही त्याच फेऱ्यांत ताणला जाई, त्यामुळें चुकून एकावर एक दोन चित्रें उमटण्याची भीति उरली नाहीं.

1914 पर्यंत असा हातांत मावणारा कॅमेरा तयार झाला, आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टांत महायुद्ध पेटलें. सैन्य सज्ज करण्याचा हुकूम वेट्झलारच्या रस्त्यांत नुकताच लागला होता. तो लावणारा सैनिक बार्नाक यांनीं आपल्या नव्या कॅमेऱ्यानें टिपला. पुढें 1920 सालीं पुराचें पाणी गांवांत शिरलें, तेंही त्यांनीं टिपलें. कॅमेरा मात्र दहा वर्षें पडून राहिला.

युद्धानंतर जर्मनींत चलनाची धूळधाण झाली होती. वडील लाइट्झ 1920 सालीं वारले व कारखाना त्याच नांवाच्या त्यांच्या मुलाकडे आला. त्यांनीं वीस-पंचवीस नमुने करवून जाणत्या लोकांच्या हातीं दिले. पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. एवढ्याशा निगेटिव्हला कोण विचारतो, असाच बहुतेकांचा सूर होता. जून 1924 मध्यें कारखान्यांत यावर मोठी बैठक बसली. विरुद्ध मतें पुष्कळ पडलीं. कामगारांच्या हातांना काम लागलें पाहिजे, ही चिंता मालकांस होती. शेवटीं सारी जोखीम स्वतःवर घेऊन धाकट्या लाइट्झ यांनीं कॅमेरा काढण्याचें ठरविलें.

1925 च्या वसंतांत लाइप्झिगच्या जत्रेंत तो लोकांपुढें आला. लाइट्झ व कॅमेरा या दोन शब्दांचे आरंभ जोडून त्यास 'लायका' हें नांव पडलें. त्याचें 50 मिलिमीटरचें भिंग माक्स बेरेक यांनीं योजिलें होतें; तें आंत ढकलून कॅमेरा खिशांत टाकतां येई. माथ्यावर एक लहानशी खांच होती, तींत अंतर मोजण्याचें उपकरण बसवीत. आज फ्लॅश सरकवितात ती जागा हिचीच वंशज होय. 1930 सालीं भिंगें बदलण्याची सोय झाली, व 1932 सालीं अंतरमापक कॅमेऱ्याच्या पोटांतच आला. त्याच 1932 सालीं आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच गृहस्थानें लायका घेतला. 30 जानेवारी 1948 रोजीं दिल्लींत महात्मा गांधींची भेट घेऊन तो परतला, आणि थोड्याच वेळांत त्यांच्या हत्येची वार्ता आली. शोकाकुल दिल्लीचीं त्याचीं छायाचित्रें त्याच छत्तीसाच्या चौकटींतलीं आहेत.

बार्नाक हें पाहण्यास उरले नव्हते. 16 जानेवारी 1936 रोजीं, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीं, बाट नाउहाइम येथें त्यांचा अंत झाला. त्याच सालीं ड्रेस्डेन येथून 'किने एक्झाक्टा' हा कॅमेरा निघाला. त्यांत आरशाच्या योगें भिंगांतूनच दृश्य दिसे, आणि चौकट होती बार्नाक यांचीच. अशाच आरशाच्या कॅमेऱ्यांस पुढें एस्. एल्. आर्. म्हणूं लागले. फिल्म जाऊन सेन्सर आला तेव्हां एवढी मोठी सेन्सरची पट्टी करणें फार खर्चाचें पडे, म्हणून पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यांत ती लहान असे व जुन्या भिंगांतून दृश्याचा मधला भागच उमटे. 2002 सालीं कॅनन कंपनीचा ई. ओ. एस्. वन-डी-एस् बाजारांत आला, तेव्हां पुरी चौकट पुन्हां मिळाली. पुढें आरसा काढून टाकलेले कॅमेरे निघाले. त्यांपैकीं पुष्कळांत माप तेंच आहे. मात्र दोन-तीन जाडजूड भिंगें, फ्लॅश, बॅटऱ्या व स्टँड यांनीं भरलेली हौशी लोकांची बॅग पाहिली कीं आम्हांस थुरिंगियाच्या अरण्यांतील चढण आठवते.

1923-24 च्या त्या नमुन्यांपैकीं 105 क्रमांकाचा कॅमेरा बार्नाक स्वतः वापरीत. जून 2022 मध्यें वेट्झलार येथें लिलांवांत त्यास 1 कोटी 44 लक्ष युरो किंमत आली. पाहण्याच्या खिडकीच्या माथ्यावर त्यांचें नांव कोरलेलें आहे.